उजवा हात कीप, डावा हात लीव्ह

कीप आणि लीव्ह हे दोन इंग्रजी शब्द मी जन्मभर शिकवले. सांगलीला विश्रामबागेतल्या शाळेत दरवर्षी नव्या पोरी यायच्या आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात कुरकुरायच्या, "बाई, हे तर अगदी सोपे शब्द आहेत." मी म्हणायचे, सोपे आहेत ना, मग सांगा बघू सगळे अर्थ. ठेवणे आणि सोडणे एवढं सांगून पोरी मोकळ्या व्हायच्या. मग मला राग यायचा आणि अख्खा तास त्या दोन शब्दांवर जायचा. पोरींना वाटायचं, बाईंना नाद आहे. नाद होताच. त्या दोन शब्दांत माझं एक घर होतं, आणि त्या घराची मला इतकी ओढ लागायची की फळ्याकडे तोंड करून मी उगाच अक्षरं गिरवत उभी राहायचे.

ते घर लोणंदच्या अलीकडे एका खेड्यात होतं. स्टेशनावर उतरायचं आणि उसातून, मग माळावरून चालत जायचं. मी वाईची. वाईला घाटावर धुणं धुतलेली, मुलींच्या शाळेत शिकलेली, आणि मॅट्रिकला इंग्रजीत दांडी उडालेली. बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क होते, पण इंग्रजीत अशी आपटले की वडिलांनी शाळेचं नाव टाकलं आणि स्थळं बघायला सुरुवात केली. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा पलटणीत शिपाई होता. घरात सासू-सासरे आणि एक म्हैस. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. म्हणायचे म्हणजे मनात, कारण मामंजींशी बोलायची मला परवानगीच नव्हती.

तसा रिवाजच होता त्या घरात. सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं नाही. मामंजी बाहेरून आले की दारात खाकरायचे, मी पदर पुढे ओढून दाराआड व्हायचे. त्यांना काही हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "पानी तापलं का?" आणि मी आतून बांगड्या वाजवायचे. वाजल्या म्हणजे तापलं, नाही वाजल्या म्हणजे नाही. मला सुरुवातीला ह्या सगळ्याचा इतका संताप यायचा की पाणी उकळून अर्धं झालं तरी मी हात हलवायचे नाही. पण मामंजी शांत माणूस. त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गार पाण्यानं अंघोळ करून मोकळे व्हायचे, आणि मग मलाच वाईट वाटायचं.

नवरा लग्नानंतर महिनाभर होता, पुढे दोनदा सुट्टीवर आला. बोलायला मोकळा, हसरा. शाळा त्याची सातवीत सुटली होती आणि त्याची त्याला फार खंत होती. माझ्या ट्रंकेत शाळेची पुस्तकं बघितल्यावर त्याला बायको मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला असं मी त्याला चिडवायचे. दुसऱ्या सुट्टीहून निघताना लोणंदच्या स्टेशनावर तो म्हणाला, "मी दिवाळीला लीव घिऊन येतो. तवर तू इंग्रजी काढलं पायजेस. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं. शब्द दे." मी शब्द दिला. गाडी हलली तेव्हा तो दारातून ओरडला, "येतो गं." आपल्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतोच म्हणतो. लीव्ह शब्दाचे मी पुढे पुष्कळ अर्थ शोधले. तो एक अर्थ त्यात कुठे सापडला नाही.

तर शब्द दिला, पण शिकवणार कोण? गावात इंग्रजी येणारं मला कुणी माहीत नव्हतं. मी चुलीपुढे भाकरी थापता थापता मोठ्यानं पाठ करायचे, कीप केप्ट केप्ट, लीव्ह लेफ्ट लेफ्ट. माझा मागचा पेपर ह्याच शब्दांनी बुडवला होता. एकेक शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यांत वापरा म्हणून प्रश्न होता आणि मी सगळीकडे ठेवणे आणि सोडणे घालून आले होते. एके दिवशी मी असं घोकत होते आणि बाहेर ओट्यावरून मामंजींचा आवाज आला. "कीपचं काय घिऊन बसलीया. कीप ह्यो शब्द लय मोठा हाय."

मामंजी स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले. तोफांच्या आवाजानं त्यांचे कान मंद झाले होते, पण गोऱ्या साहेबांचं इंग्रजी त्या कानांत जसंच्या तसं राहिलं होतं. ते म्हणायचे, पलटणीत माणसाला दोनच शब्द लागतात. हुकूम असला की कीप आणि सुटका असली की लीव्ह. कीप लेफ्ट, कीप वॉच, कीप युअर रायफल क्लीन. आणि मग वर्षभर ज्याची वाट बघायची ती लीव्ह. लीव्हचा पास, लीव्हचा शिक्का. लीव्ह नसताना गेलं की कोठडी.

मी दाराआड ऐकत होते आणि मला एक शंका आली. पण विचारू कशी? रिवाज आड आला. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि निकाल दिला, "इंग्रजीत इचार की. इंग्रजी बोलनं म्हंजी काय बोलनं हाय का? त्येला कोन बोलनं म्हनतं?"

आत्याबाईंच्या त्या एका निकालानं माझं नशीब बदललं. मराठीत मी मामंजींपुढे मुकी आणि इंग्रजीत मोकळी. मी दाराआडून वाक्य म्हणायचे, ते ओट्यावरून दुरुस्त करायचे. कान मंद, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागायचं. मधे आत्याबाई बसलेल्या असायच्या, एक अक्षर न कळता दोघांकडे आळीपाळीनं बघत. जेवणाचं पानसुद्धा इंग्रजीत व्हायला लागलं. मी आमटीची वाटी दारातून पुढे सरकवून "कीप?" म्हणायचे आणि मामंजी हात आडवा करून "लीव" म्हणायचे, म्हणजे पुरे. ह्या अर्थाला कुठल्या पुस्तकात जागा नाही, पण आमच्या घरात तो चालायचा.

अर्थ गोळा करताना मला कळायला लागलं की कीप म्हणजे नुसतं ठेवणं नाही. म्हैस पाळली तर कीप. वचन पाळलं तर कीप. दूध उन्हाळ्यात टिकत नाही, तिथेही कीपच. चालत राहा, गप्प राहा, वाट बघायला लावली, सगळीकडे तोच शब्द. मामंजी ह्या वाट बघण्यावर जास्त रेंगाळायचे. "साहेब लोक म्हनायचे, डोंट कीप मी वेटिंग. आपुन काय, ठिवलं तर ऱ्हातो वाट बघत." दिवाळीला अजून खूप अवकाश होता.

घोटाळा वैशाखात झाला. तालुक्याहून ग्रामसेवक काही कामासाठी मामंजींकडे येत होता. नवा पोरगा, कॉलरला रुमाल, इंग्रजी थोडं कळणारा. तो अंगणात आला आणि नेमक्या त्याच क्षणी मी दाराआडून सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "कीप क्वाएट! लीव्ह मी अलोन!" पुस्तकातली वाक्यं होती ती. मामंजी ओट्यावर मान डोलवून "करेक्ट" म्हणाले. ग्रामसेवक आल्या पावली परत फिरला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की वाईची सून सासऱ्याला गप्प बस म्हणते, चालता हो म्हणते, आणि सासरा बिचारा बरोबर बरोबर करतो.

पाणवठ्यावर बायकांनी आत्याबाईंना चांगलंच धारेवर धरलं. त्या घरी आल्या त्या हंडा आपटूनच. "म्हंजी इंग्रजी बोलनंच हाय की! तू मला सांगितलं न्हाईस." मी काय सांगणार? मी तर तोंड दाबून हसत होते. पण हसू फार टिकलं नाही. आत्याबाईंनी त्या दिवसापासून इंग्रजी बंद केलं. पोटात राग नव्हता त्यांच्या, पण गावात नाक कापून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. ऑक्टोबरची परीक्षा जवळ येत चाललेली, दिलेला शब्द तसाच, आणि मी पुन्हा मुकी. दोन दिवस मी नीट जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी ओट्यावर न बसता दावणीपाशी जाऊन बसले. म्हशीच्या पाठीवर हात टाकून तिला म्हणाले, "हे बघ, उजवा हात म्हंजी कीप. डावा हात म्हंजी लीव. लीवचं पुढं लेफ्ट हुतंय, म्हनून डावा. परेडीत चुकलं न्हाई तर हितं बी चुकायचं न्हाई." म्हैस रवंथ करत होती. मी दाराआड होते आणि मला कळलं ते कुणाशी बोलतायत. माझ्या उजव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. डाव्या हातात काचेच्या मधे आईनं दिलेलं एक चांदीचं कडं होतं. उजवा हात किणकिणायचा आणि डावा खणखणायचा. मामंजींना माणसाचं बोलणं पुरतं ऐकू येत नसे, पण बांगडी त्यांना बरोबर ऐकू यायची. इतकी वर्षं आत्याबाईंच्या बांगड्यांवर संसार केलेला माणूस.

मामंजी म्हशीला मराठीत वाक्य सांगायचे आणि मी आतून हात वाजवायचे. "गाडी लोनंदास्नं सुटली." डावा. "दूध ऱ्हात न्हाई." उजवा. "म्हाताऱ्यानं पोराला जमीन ठिवली." इथे मी उजवा वाजवला आणि मामंजींनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "मेला की गं त्यो म्हातारा. मागं ठिवून ग्येला. लेफ्ट." त्या दुपारी मी खूप विचार करत राहिले. आपण मराठीत दोन्हीकडे ठेवतोच. डबा फळीवर ठेवतो आणि निरोपही ठेवून जातो. इंग्रज मात्र आधी विचारतो की ठेवणारा माणूस तिथे आहे का गेला. असला तर कीप, गेला तर लीव्ह. मला हे त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. नवरा आला की त्याला सांगायचं म्हणून मी ते मनात जपून ठेवलं.

आत्याबाईंना सगळं कळत होतं. म्हशीशी बोलण्याला रिवाजात बंदी नव्हती आणि बांगड्या तर सुनेच्या वाजणारच. शेजारीण आली की त्या म्हणायच्या, "आवं, म्हातारपनी मानूस जनावराशी बोलतंय, त्येला काय करायचं?" आणि माझ्याकडे बघायच्याही नाहीत. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण असे गेले. मला त्या दुपारींची आजही इतकी आठवण येते की कुठे दावणीचा, ओल्या वैरणीचा वास आला तरी माझा उजवा हात आपोआप हलतो.

पासष्ट साल होतं. गणपती उठले आणि लढाईच्या बातम्या यायला लागल्या. मामंजी रोज लोणंदला चालत जाऊन पेपर वाचून यायचे. आले की दावणीपाशी बसायचे, पण वाक्य सांगायचे नाहीत. मग एका सकाळी तारवाला आमच्या गल्लीत शिरला. त्याच्या सायकलीची घंटा ऐकून बायका दारात आल्या आणि तो कुणाच्या घरी थांबतो ते बघत राहिल्या. तो आमच्या घरी थांबला. तार इंग्रजीत होती. मामंजींनी ती स्वतः वाचली. त्या गावात त्या दिवशी ती वाचू शकणारी दोनच माणसं होती, आणि दुसरी मी. त्यांनी ती माझ्यापर्यंत येऊ दिली नाही.

पुढचं मी फार सांगणार नाही. माझ्या बांगड्या गेल्या. चांदीचं कडं आत्याबाईंनी काढून त्यांच्या पेटीत ठेवलं. ऑक्टोबरची परीक्षा आली आणि गेली, ती कधी गेली हे मला कळलंसुद्धा नाही. दिवाळीला घरात दिवा लागला नाही. माझे वडील वाईहून मला न्यायला आले होते, मी गेले नाही. दिवाळीला येतो म्हणाला होता. मी घरी असायला पाहिजे होते. हे वेडेपणाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मार्चमध्ये मी वाईच्या केंद्रावर परीक्षेला बसले आणि पास झाले. शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी मामंजींनी मला लोणंदहून रेल्वेनं मिरजेला नेलं आणि तिथून सांगलीला पोचवलं. विश्रामबागेत राहायला खोली मिळाली. ट्रेनिंगला आमचे एक प्राध्यापक जाडजूड शब्दकोश घेऊन यायचे आणि एका साध्या शब्दाचे किती अर्थ असतात ते वाचून दाखवायचे. त्यांनी एकदा कीप घेतला, एकदा लीव्ह घेतला. वर्गातल्या मुली लिहून घेत होत्या. मी नुसती बसले होते. लीव्हचा अर्थ सुट्टी असं त्यांनी वाचलं तेव्हा मला लोणंदचं स्टेशन दिसलं आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले. बाहेर कडक ऊन होतं. मला त्या वेळी नवरा हवा होता, बाकी काही नको होतं.

पण परीक्षेला मी बसले कशी, ते सांगायचं राहिलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. उसाची तोड सुरू झाली होती. मामंजी बरेच दिवस दावणीकडे फिरकले नव्हते, म्हशीचं सगळं आत्याबाई बघायच्या. मी आतल्या खोलीत कोपऱ्यात बसायचे. त्या दुपारी ते खाकरले आणि दावणीपाशी जाऊन बसले. आत्याबाई मधल्या दारात वाती वळत होत्या. मी सवयीनं उठून दाराआड आले. का आले, मला माहीत नाही.

मामंजींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "शब्द दिला, की पाळावा."

त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मी ऐकलं आणि मला उत्तर माहीत होतं. माझा उजवा हात वर गेला, मी तो हलवला. काहीच वाजलं नाही. मी मनगटाकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत मला ते उघडं मनगट पहिल्यांदा दिसलं.

मामंजी थांबले. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, "शब्द दिला, की पाळावा." मान किंचित तिरकी करून, बरा कान दाराकडे करून ते थांबले. मी पुन्हा हात हलवला, जोरात हलवला. त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं असेल, पोरीनं सोडून दिलं. ते हळूच उठले आणि म्हशीचं दावं सोडायला वाकले.

"कीप," मी म्हणाले. घशातून आवाज निघाला की नाही तेही मला कळलं नाही. मामंजी वाकलेलेच राहिले, त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

आत्याबाईंनी वात खाली ठेवली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, पोरी. त्यास्नी ऐकू न्हाई ग्येलं."

मी उंबऱ्यापर्यंत आले. त्या घरात आल्यापासून मामंजींच्या समोर मी कधी उंबऱ्यात उभी राहिले नव्हते. मी मोठ्यानं म्हणाले, "कीप, मामंजी. मी बसते परीक्षेला."

मामंजी वळले नाहीत. तेवढा रिवाज त्यांनी तेव्हाही पाळला. मुंडाशाचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं, आणि म्हशीच्या मानेवर थोपटत तिला म्हणाले, "ऐकलंस का गं?"